भावकूच्या नावची बंदूक

ता. ९ नोव्हेंबर १९३७

सातवी बंदूक झाली! निपाणीकडचे अण्णाप्पा. जैन माणूस, उसाचं रान. बावीस वर्षं बंदूक घरात आहे, पण आजवर एक जीव मारलेला नाही. नुसती दारू ठासतात, छर्रा घालतच नाहीत. आवाजानं डुकरं पळतात, तेवढ्यावर भागतं. फोटोला उभं राहा म्हटलं तर आधी बंदूक धोतरानं पुसली, पाटावर ठेवली, मग स्वतः शेजारी उभे राहिले. घरात पाव्हणा आल्यागत!

हे खूळ लागलं लष्करी कॅम्पातल्या पाद्रीसाहेबामुळं. त्यानं अमेरिकेचा एक सचित्र अंक दाखवला. शेतकरी, न्हावी, एक म्हातारी - साधी माणसं आपापल्या दारात बसलेली, आणि प्रत्येकाच्या हातात बंदूक. तिकडे म्हणे भांडी घ्यावीत तशी बाजारात बंदूक घेतात. आमच्याकडे परवाना लागतो, अख्ख्या गावात एखादीच असते. पण ती ज्या घरात असते ते घर कसं असतं? ते मला बघायचंय. ही म्हणते, गिऱ्हाईक सोडून सायकलला कॅमेरा बांधून हिंडताय, येड लागलंय. लागलंय खरं.

एक नेम केलाय. दुकानात लग्नाच्या पोरींच्या तोंडावरचे देवीचे व्रण फोटोच्या काचेवरून पुसून देतो, तेवढं पाप पुरे. बंदूकवाल्यांच्या काचेला सुई लावायची नाही. जसं माणूस तसं.

ता. १४ नोव्हेंबर

काकतीच्या डोंगराकडची एक वाडी. भावकूच्या घरी बंदूक आहे असं ऐकून गेलो. भावकू दोन वर्षांपूर्वीच तापानं गेला. परत फिरणार होतो, तोवर त्याची बायको चंद्राबाई रताळ्याच्या रानातनं आली. कोपरापर्यंत माती. म्हणाली, बंदूक मीच चालवतो, काढा की फोटो!

मी बघतच राहिलो. बाईनं ठासणीची बंदूक अशी उचलली, जशी दुसरी बाई कळशी उचलेल. बट खाकेत, नळी जमिनीकडं, बोट चापापास्नं लांब. पदर मागे सरकलेला, कपाळ उघडं, नजर सरळ माझ्यावर. सारी वाडी हिच्या जिवावर निजते म्हणे. काळ्या फडक्याखालून दोनदा डोकं बाहेर काढून मी तिच्याकडं बघितलं. एवढी वर्षं हा धंदा करतोय, असं कधी झालं नव्हतं.

ता. १५ नोव्हेंबर

काच धुतली. देवा! असा फोटो आयुष्यात एकदाच निघतो.

ता. १९ नोव्हेंबर

फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. खाली झोकात अक्षर काढलं - ‘मयत भावकूची पत्नी चंद्राबाई, आपल्या बंदुकीसह’. लोक थांबून बघतात. पुण्यात फोटोंचं प्रदर्शन भरणार आहे, तिथं हाच पाठवायचा, ठरलं.

ता. २३ नोव्हेंबर

घात झाला. माझ्याच हातानं झाला.

दुपारी फौजदार बाहेर उभा राहून वाचत होता. तसाच आत आला. म्हणाला, “मयत? हा भावकू तर जानेवारीत बंदूक दाखवायला माझ्यासमोर उभा होता.” शनिवारी मोठी प्रत तयार ठेवा, ती घेऊन वाडीवर जाऊ, तुम्हीही चला - असं सांगून गेला. तो जाताच मी फोटो काढून घेतला. उन्हानं काच चमकत होती, अक्षरं वाचली तरी त्याला बाईचं बिनकुंकवाचं कपाळ नीट दिसलं असेल का? कोण जाणे.

ता. २४ नोव्हेंबर

पहाटेच सायकल काढली. वाडीवर जाऊन सगळं सांगितलं, पायच धरायला गेलो.

मग कळलं. भावकू गेला तेव्हा बाईच्या नावावर परवाना कोण देतंय, बंदूक जमा झाली तर डुकरं रताळ्याचं एक मूळ ठेवणार नाहीत. म्हणून वाडीनं मिळून त्याचं मरण कागदावर जाऊच दिलं नाही. दरसाल धाकटा भाऊ रवळू भावकू होऊन कचेरीत जातो, बंदूक दाखवतो, अंगठा देतो. आता बंदूक तर जाणारच, रवळूही हिंडलग्याच्या तुरुंगात जाणार. रवळू भिंतीला टेकून बसला होता. त्याचं परवाच लग्न ठरलंय.

कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. चंद्राबाईनं एवढंच विचारलं, “फोटोत माझं कपाळ दिसतंय व्हय?”

दिसतंय म्हटलं.

“मग तितं तुमी कुंकू लावा. हितं मी लावतो.”

जमलेल्या बाया मागं सरल्या. रांडावल्या बाईला कुंकू लावायला कुणाचा हात धजंना. तेव्हा भावकूची आई, अंबुबाई, काठी टेकत उठली. करंडा आणला. सुनेच्या कपाळावर स्वतः कुंकू टेकवलं, आपल्या ट्रंकेतले काळे मणी तिच्या गळ्यात बांधले. कुंकू नेमकं मधोमध लागलं. म्हणाली, “माझा ल्योक जिता हाय म्हणून कचेरीत लिवलंय नव्हं? मग हाय.”

मी आजवर हजार माणसं कॅमेऱ्यासमोर उभी केली. असली माणसं बघितली नव्हती.

ता. २५ नोव्हेंबर

नेम मोडला. काचेवर खरवडलं की कागदावर काळं उमटतं. सुईच्या टोकानं कपाळावर एक ठिपका खरवडला. मग गळ्यात मणी, एकेक. हात मातीनं माखलेले होते म्हणून बरं, बांगड्या आहेत का नाहीत कुणाला कळतंय! आता पुण्याला कसला पाठवतोय. एवढी चांगली काच मी आपल्या हातानं खोटी केली. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

ता. २७ नोव्हेंबर

सुटलो!

फौजदारानं मोठी प्रत हातात धरली. एकदा फोटो, एकदा चंद्राबाई. कुंकू आहे, मणी आहेत. रवळूला नाव विचारलं, तो म्हणाला भावकू. मग गाडी माझ्याकडं वळली. ‘मयत’ कुणी लिहिलं? मी म्हटलं, दुसऱ्या फोटोची ओळ चुकून याखाली लागली. बाईच्या हातात बंदूक कशी? म्हटलं, मीच दिली, फोटो झोकदार यावा म्हणून. चार लोकांत त्यानं माझी अशी काही चंपी केली की विचारू नका. पुन्हा असला चावटपणा दिसला तर दुकानाला टाळं ठोकीन म्हणाला. मी मान खाली घालून खुशाल ऐकून घेतलं.

चंद्राबाई सगळा वेळ ताठ उभी होती. डोळ्याचं पातं लवलं नाही.

ता. ४ डिसेंबर

ती काच फोडून टाकायला दोनदा हातात घेतली. धीर झाला नाही.

ता. १२ डिसेंबर

चंद्राबाई दुकानात आली. कपाळाला कुंकू, गळ्यात मणी, तसेच. मी हळूच म्हटलं, आता कुणी यायचं नाही, पुसलं तरी चालतंय. ती म्हणाली, “सासूबाई पुसू देत न्हाईत. ‘ल्योक आत्ताच माघारी आलाय, त्येला दुसऱ्यांदा मारू नगंस,’ म्हणत्यात.” मग म्हणाली, फोटोची एक प्रत द्या, म्हातारीला पायजे. कुंकवाची.