एका माणसाची सीट

बाबा, तुमची गाडी मी कापली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल. मागची लांब सीट काढली, कॅरिअर काढलं, आईच्या पदरासाठी लावलेली जाळी काढली, दोन्ही मडगार्ड आखूड केले आणि चेसिसचा जो भाग मागे लोंबत होता तो ग्राइंडरनं कापून तिथं गोल वाकवलेला पाइप जोडला. हँडल इतकं खाली गेलंय की चालवणाऱ्याला टाकीवर ओणवं व्हावं लागतं. पाय ठेवायच्या जागाही मागे सरकल्या. कॅफे रेसर म्हणतात असल्या गाडीला. तिकडे परदेशातली पोरं म्हणे एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यत लावायची, आणि त्यासाठी गाडीवरचं नको ते सगळं उतरवून टाकायची. तुम्ही असता तर म्हणाला असता, चहा प्यायला एवढी घाई काहून? मला याचं उत्तर अजूनही देता येणार नाही.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आम्ही रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातलं भाड्याचं घर सोडलं आणि आई आणि मी तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये आलो. गाडी टेम्पोत घालून सोबत आणली आणि खालच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी केली. ती तशीच राहिली. मांजरीनं तिच्यावर दोनदा पिल्लं घातली, एवढंच काय ते तिच्या आयुष्यात घडलं. मग या वर्षी सोसायटीनं सगळ्यांना कळवलं की पार्किंगमधलं भंगार हलवा. सेक्रेटरी भला माणूस आहे, त्यानं आमच्या गाडीला भंगार म्हटलं नाही, "आपका पुराना सामान" म्हटलं. मला ते जास्त लागलं. दादाला बंगळुरूला फोन केला तर तो म्हणाला, जुन्या गाड्या जमवणारा कोणी शोध आणि त्याला देऊन टाक, नाहीतर होती तशीच्या तशी करून घे. मी म्हटलं, तशीच्या तशी करून चालवणार कोण? तो म्हणाला, चालवायला नाही, ठेवायला. मी फोन ठेवला आणि खाली जाऊन ताडपत्री काढली. टायर बसले होते, टाकीवर गंज होता, पण क्लच दाबला तर दाबला गेला. मग मी तिथंच पार्किंगमध्ये फतकल मारून बसले, आणि उठले तेव्हा ठरलेलं होतं.

तुम्हाला आठवतं का, जनावरं तुमची गाडी ओळखायची. मी चौथी-पाचवीत असेन, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला टाकीवर बसवून अभनपूरच्या पुढच्या एका गावाला नेताय. मागे कॅरिअरला लसीचा डबा, बर्फात ठेवलेला. टू-स्ट्रोकचा निळसर धूर, आणि तो फटफट आवाज. गावाच्या अलीकडे तळ्याजवळ तुम्ही गाडी बंद करता आणि उतरून ढकलायला लागता. मी विचारते, बिघडली का? तुम्ही म्हणता, नाही, आवाज ऐकला की बैल पळतात, त्यांना माहीत आहे की मागून सुई येते. मग आपण दोघं चोरासारखे गावात शिरतो. एक म्हातारी दारातून बघते आणि ओरडते, "डाक्टर साहब आवत हे," आणि तेवढ्यावर सगळा गोठा मोकळा होतो. तुम्ही धोतर नेसलेल्या चार माणसांबरोबर शेतातून एका पांढऱ्या बैलामागे धावताय, हातात सिरिंज उंच धरून, आणि मी गाडीजवळ उभी राहून पोट धरून हसतेय. संध्याकाळी घरी येताना कॅरिअरवर मुनग्याच्या शेंगांची जुडी आणि तिवऱ्याची वाळवलेली पालेभाजी. आई म्हणते, आज किती जणांना सुई लावली? तुम्ही म्हणता, बैलांनीच मला धावडवलं.

गाडीलाही तुम्ही जनावरासारखंच वागवायचात. मी पॉलिटेक्निकला होते तेव्हा तुम्ही मला ती शिकवली. ज्या दांडीनं किक मारायची तीच पुढे वळवली की गिअरची दांडी, ही त्या गाडीची गंमत. एके दिवशी ती काही केल्या सुरू होईना आणि मी चिडून तिच्या इंजिनावर लाथ घातली. तुम्ही बरामद्यातून पाहिलं. तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत, तेव्हाही चढवला नाही. म्हणालात, "मुक्या जिवाला मारते का कोणी? काय दुखून राहिलं ते आधी पाहावं." मी म्हटलं, बाबा, किक म्हणजे लाथच असते. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तुम्हाला इतकं हसू आलं की चहाचा कप खाली ठेवावा लागला. पण पुढचा सबंध आठवडा तुम्ही मला गाडीला हात लावू दिला नाही, एवढं हसूनसुद्धा. आणि आठवड्यानंतर तुमचा जुना स्टेथोस्कोप आणून दिलात, ज्याची नळी एकीकडून चिरली होती. म्हणालात, हा गायीला चालतो तर इंजिनलाही चालेल. वर्गातल्या पोट्ट्या घड्याळ आणि पैंजण मिळाले म्हणून सांगायच्या, मी स्टेथोस्कोप मिळाला म्हणून सांगितलं तर त्यांना वाटलं मी मेडिकलला चालले.

मग माझं आयुष्य फळ्यावर गेलं. त्याच पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवता शिकवता केस पिकले. इंजिनाचा आडवा छेद, उभा छेद मी डोळे मिटून काढू शकते, पण हात काळे झाले नव्हते किती वर्षांत. म्हणून काम दुसऱ्याला देऊन मोकळं व्हायचं नव्हतं, सोबत उभं राहायचं होतं. भनपुरीकडे एक जण सापडला, गेट आणि जिन्याचे कठडे बनवतो, आणि शौक म्हणून गाड्या वाकवतो. माझ्याहून बराच लहान, तोंडात सतत बडबड. गाडी पाहून, काळजीचं काही कारणच नाही अशा थाटात म्हणाला, "हो जाही दीदी, टेंशन झन लेव." याआधी त्यानं अशी एकच गाडी केली होती, स्वतःची, आणि ती वळवताना हँडल टाकीला लागायचं. हे त्यानं मला सांगितलं नाही. आमच्याही गाडीचं हँडल टाकीला लागलं, माझा अंगठा मध्ये असताना. मी जे ओरडले ते ऐकून शेजारच्या दुकानातली माणसं आली. मग मी ड्रॉइंग काढलं, त्यानं ते उलटं धरून वाचलं, आणि ब्रॅकेट उलटं बनवलं. आमचे असे किती रविवार गेले सांगता येत नाही. मी इतकी आनंदात होते की कॉलेजात लोक विचारायला लागले, मॅडम, घरी काही कार्य आहे का?

इंजिन उघडलं तेव्हा आत सगळं बरं होतं. नवे बेअरिंग घातले, कार्बोरेटर उकळून धुतला, आणि ज्या दिवशी ते पहिल्यांदा स्टँडवरच सुरू झालं त्या दिवशी मी तुमचा स्टेथोस्कोप, नळी बदललेला, इंजिनाला लावला. गेटवाला कठड्याचं काम सोडून बघायला आला. "कुछ सुनाई देथे, दीदी?" मी म्हटलं, पोट साफ आहे.

सीटचं काय करायचं ते मात्र मी लांबवत होते. कॅफे रेसरला एकट्याची सीट असते, मागे उंचवटा, दुसऱ्याला जागाच नाही. आणि ती लांब सीट म्हणजे आई. लग्नापासून ती तिथंच बसत आली, एकीकडे पाय सोडून, एक हात तुमच्या खांद्यावर. दादानं फोनवर तेच धरलं. म्हणाला, तू लोखंड कापून राहिली असं तुला वाटते, पण तू बाबाची आठवण कापून राहिली. मला त्याचं बोलणं खोटं वाटलं नाही. आईला मी नुसतंच म्हटलं होतं, गाडी दुरुस्त करायला टाकली आहे. पण दादानं तिलाही फोन केला असणार, कारण एका रविवारी मी वर्कशॉपमध्ये वाकून काम करत होते आणि मागे ऑटो थांबली. आई उतरली. तेलीबांध्याच्या तळ्याभोवती सकाळी फिरायला जाताना घालते तो सलवार-कुर्ता, पायात बूट, हातात डबा. डब्यात सगळ्यांसाठी उपमा.

गाडीचा नुसता सांगाडा उभा होता. लांब सीट भिंतीशी टेकवलेली. आई आधी सीटजवळ गेली, तिच्यावरून हात फिरवला, फाटक्या जागेत बोट घातलं. गेटवाल्यानं ग्राइंडर बंद केला. मी म्हटलं, आई, तू नको म्हटलं तर मी ही परत लावते, अजून काही कापलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"एवढी वर्षं बसले, पण मले या गाडीवरून समोरचा रस्ता कधी दिसलाच नाही."

ती सांगत राहिली, आणि ते सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते. एकीकडे पाय सोडून बसलं की समोर तुमची पाठ आणि बाजूला जे येईल ते. सदर बाजारात जाताना डावीकडची सोनारांची दुकानं तिला पाठ होती, येताना दुसऱ्या बाजूची, पण आपण कुठं वळणार हे तिला वळल्यावर कळायचं. खड्डा आला हे धक्का बसल्यावर कळायचं. एकदा तिनं तुम्हाला म्हटलं होतं म्हणे, मी पुढे बसते, तुम्ही मागे बसा. तुम्ही म्हणालात, बस. तुम्ही खरंच मागे सरकलात, बूढ़ा तालाबाच्या काठी, भर संध्याकाळी. पण ओळखीचं कोणीतरी येताना दिसलं आणि तिनंच माघार घेतली. हे तुम्ही दोघांनी आम्हाला कधी का सांगितलं नाही? सांगून झाल्यावर आईनं डबा उघडला आणि म्हणाली, "कापायचं ते काप. फक्त मले एकदा पुढं बसव."

म्हणून कापली.

गाडी तयार झाली ती काळ्या टाकीची, तपकिरी सीटची. मी लगेच पहिली चक्कर मारली आणि वर्कशॉपच्या गेटवर आदळता आदळता वाचले, कारण पाय मागे नेल्यामुळे आम्ही गिअरला जी नवी दांडी जोडली होती तिच्यामुळे गिअर उलटे झाले होते. वरचा खाली, खालचा वर. ड्रॉइंग माझंच होतं, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नव्हती. ते निस्तरल्यावर पुढच्या रविवारी आईला बोलावलं. ती त्याच बुटांत आली. तिला चढवायला आम्ही दोघं आणि एक स्टूल लागलं. हँडल धरून ती ओणवी झाली आणि म्हणाली, "हे तर जात्यावर बसल्यासारखं आहे." इंजिन सुरू करायचं नाही असं मी बजावलं होतं. मी एका बाजूनं, गेटवाला दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही ढकलत निघालो. रस्ता सरळ आणि थोडा उताराचा. आई हँडल धरून समोर बघत होती. मान जरासुद्धा हलवत नव्हती. रस्त्याच्या मधोमध एक गाय बसली होती, आईनं तिला वळसा घातला, स्वतः, नीट. मग उतारानं गाडी आमच्या ढकलण्यापेक्षा जास्त धावायला लागली आणि आम्ही दोघं धापा टाकत नुसते बाजूनं पळत होतो. मी म्हटलं, आई, ब्रेक. ती म्हणाली, "थांब ना, दिसून राहिलं मले." पुढे चढावर गाडी आपोआप थांबली, तेव्हाच थांबली.

गेटवाल्याच्या बायकोनं ते मोबाइलवर घेतलं होतं, ते मी दादाला पाठवलं. मग त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "माझा नंबर कधी?" दिवाळीला येतोय. त्याचं पोट त्या टाकीवर कसं मावेल हा वेगळा प्रश्न.

परवा सकाळी मी एकटीच नवा रायपूरकडे निघाले. तळं मागे टाकलं की तो रस्ता किती रुंद आहे, तुम्ही पाहिलेला नाही, तुमच्या वेळी तिकडे शेतंच होती. गाडी गरम झाल्यावर मी तिला सोडली. वारा हेल्मेटात शिरला, डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्यानंच. मोठमोठे रिकामे चौक येत होते आणि जात होते, आणि मी ओणवी होऊन, या वयात, मोठ्यानं गात होते. काय गात होते ते सांगणार नाही. शेवटच्या चौकात वळून चहा प्यायले आणि परत आले.

गाडी पार्किंगमध्ये लावली, ताडपत्री घातली नाही, इंजिन थंड होतानाची टिकटिक ऐकत थोडा वेळ उभी राहिले. सगळ्यांना मी हेच सांगत आले, सेक्रेटरीला, कॉलेजात, दादालाही, की ही गाडी मी बाबांच्या आठवणीत करून राहिली. तेव्हा कुठं लक्षात आलं, बाबा, की जाताना आणि येताना, त्या अख्ख्या रस्त्यात, मला तुमची एकदाही आठवण आली नाही. कशाचीच आली नाही. इतकी मजा येत होती.

हे कोणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. म्हणूनच लिहिता आलं.