अप्पांच्या आवाजाचं कुलूप

४ जुलै
डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला नवा ब्राउझर हवा. तो म्हणतो, सगळंच नवं करा. तयार पॅकेजांची, म्हणजे बदलून बसवायच्या प्रोग्रॅमांची, लांबलचक यादी आली आणि मध्येच अडली. अप्पांच्या आवाजाच्या प्रोग्रॅमला, तो बदलला जाऊ नये म्हणून, मी घातलेलं कुलूप. दोन मिनिटांसाठी काढलं, 'हो' दाबलं. यादी वाचली नाही. वाचली असती तर…

दु. अप्पांनी रोजच्यासारखं तर्जनीनं 'कॉफी' टाइप केलं. मशीनमधून कोणी परकी बाई बोलली. पुण्याकडची, गोड, बातम्या दिल्यासारखी. अप्पांनी बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं.

५ जुलै
काय झालं ते कळलं.
दोन वर्षांमागं, अप्पांची वाचा जाणार असं डॉक्टर म्हणाले तेव्हा, महिनाभर त्यांचा आवाज रेकॉर्ड केला. आमच्या तंजावरी मराठीत, त्यांच्याच आवाजात बोलेल असा प्रोग्रॅम मी सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधला. बाकी सगळं मशीन तयार पॅकेजांवर. त्यांत आवाजाचा एक तयार प्रोग्रॅमही असतो: नाव तेच, आतलं वेगळं. कुलूप गेल्यावर पॅकेज मॅनेजरनं माझा काढला, स्वतःचा बसवला. त्याची काय चूक? माझी.
रेकॉर्डिंग शाबूत आहे, चारदा बघितलं. पण प्रोग्रॅमच्या कोडमध्ये मी केलेले बदल? ते फोल्डर डिस्क भरली म्हणून मे महिन्यात पुसलं. मीच. मोठी शहाणी.
आई विचारते, "अप्पा रुसले काय ग?"

७ जुलै
फिजिओवाली बाई तिरुविसनल्लूरहून स्कूटरवर आली. अप्पांचं बोट चेपून बघितलं. बाहेर बोलावून तमिळमध्ये हळू म्हणाली, रोज चालतंय म्हणून हे एक बोट राहिलंय. आठ-दहा दिवस नुसतं पडलं तर परत उठेल की नाही, सांगता येत नाही.
तीन दिवस झालेच. मला भीती वाटते. दुसरं काही लिहायला सुचत नाही.
अप्पांना म्हटलं, तोवर मशीनमधल्या त्या परक्या बाईच्या आवाजात बोला ना. डोळे मिटले. मशीनवर सगळ्यांत पहिलं वाक्य त्यांनी टाइप केलं होतं ते हेच: "माझ्या आवाजात मी सोडून कोणी बोलाचं नाही." स्वतःलाही तोच नियम उलटा लावलाय: दुसऱ्याच्या आवाजात ते बोलणार नाहीत. हट्टी माणूस.

८ जुलै
जुन्या बॅकअपमध्ये पहिल्यांदा बांधलेला, कच्चा प्रोग्रॅम सापडला. तो चालायला जोडीचा कोड, म्हणजे जुनी लायब्ररी मागतो, ती आता मशीनवर नाही. नव्या लायब्ररीला जुनीचं नाव दिलं. असं करू नये, हे ऑफिसचे सर्व्हर सांभाळताना मीच दुसऱ्यांना सांगते.
चालू झाला. जवळच्या गावाचं नाव टाकलं, 'इन्नंबूर'. "इन्नं– न्नं– न्नं– न्नं–" अप्पांचाच आवाज, थांबेचना. वायर उपटली.
जीभ अडखळायला लागली तेव्हा ते असेच बोलायचे. अगदी असेच. ते खोलीतच होते. मी वळून बघितलं नाही.

१० जुलै
आईला सगळं सांगितलं. रागावेल वाटलं. म्हणाली, "मज आधीच सांगाचं नाही? सहा दिवस मी कॉफीतली साखर कमी-जास्त करत बसल्ये."
मग म्हणाली, "तुझे ते कागद अप्पांनी तपासलेले ना?"
आठवलंच नव्हतं. अप्पा गणिताचे मास्तर. मशीनवर विश्वास नाही, म्हणून माझे सगळे बदल छापून मागितले होते आणि ओळीओळीला पेन्सिलनं बरोबर-चूक केली होती. पंचांगात घडी करून ठेवलेत. एके ठिकाणी 'घाई' असं लिहिलंय, खाली दोन रेघा.
शेवटचं पान नाही. आठवून लिहीन.

१२ जुलै
आता सरमिसळ नाही. आवाज आणि त्याला लागणारं सगळं सोर्समधून, वेगळ्या फोल्डरात, पॅकेजांचा हात पोचणार नाही तिथं. सकाळी सुरू केलं. करंट दोनदा गेला, यूपीएसनं तारलं. ४ वा. बांधून झालं.
तपासायचं तर नियम मोडावा लागतो. अप्पांच्या तोंडी माझं वाक्य घालवेना. नुसती गावांची नावं टाकली, आवाज बारीक ठेवून. स्वामिमलै. तिरुप्पनंदाळ. इन्नंबूर.
स्वयंपाकघरातून आई, "आल्ये, आल्ये." ओल्या हातानं दारात आली. कीबोर्डवर मी. परत गेली.
अप्पांची खुर्ची पुढं घेतली. बोट जरासं उठलं, कळीच्या बाजूला पडलं. परत उठलं नाही. आठवा दिवस.

१३ जुलै
स. कुलूप घातलं. घातलं का ते तीनदा बघितलं. बांधलेल्याची प्रत दोन डिस्कवर.
अप्पा पुन्हा कीबोर्डसमोर. मी बोट 'क' वर ठेवून दिलंय, त्यांच्याकडून दाबलं जात नाही. मी दाबू का? डोळ्यांनी नाही म्हणाले. घाम आलाय त्यांना. मलाही.
आई समोर बसलीय, हातात कॉफीचा डबरा, पसरट वाटीसारखा, आणि चमचा. कॉफी गार झाली. म्हटलं, पाज ना त्यांना.
"मागू देत," म्हणाली.