मलम आणि चार दिवस

९ जानेवारी २०२५, गुरुवार. दुपारी साडेबारा.

डिचोलीच्या बसस्टँडवर बसून लिहितो आहे. आमच्या नार्व्याची बस अजून लागलेली नाही. आई शेजारी, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पिशवीत मलम. ते कुठे लावायचं हे मला कळलं आहे, आणि मला कळलं आहे हे तिला कळलं आहे. म्हणून आम्ही दोघं समोरच्या उसाच्या गाड्याकडे बघतो आहोत!

डॉक्टरणीने मला आत बोलावलंच नसतं तर बरं झालं असतं. "बाय वाचत नाही म्हणते. तू तिला नीट सांग." पाळी गेली की अंगातलं एक हार्मोन कमी होतं, इस्ट्रोजेन. आतली त्वचा कोरडी पडते. म्हणून ती जळजळ, ते सारखं लघवीला उठणं, तो पुन्हा पुन्हा येणारा ताप. मलम थोडंच घ्यायचं, नळीवरच्या खुणेपर्यंत. पहिले दोन आठवडे रोज निजताना, मग आठवड्यातून दोनदाच. हात धुवायचे. जास्त लावलं म्हणून लवकर बरं होत नाही. कुणाला उसनं द्यायचं नाही.

मलम लिहून देण्याआधी तिने माझ्यासमोरच आईला विचारलं होतं — छातीत कधी गाठ? पायात रक्ताची गुठळी? पाळी बंद झाल्यावर परत रक्त गेलं का कधी? आई जमिनीकडे बघत तिन्ही वेळा म्हणाली, "ना."

नर्स आईला वजन करायला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरीण मला म्हणाली, "एक डाग जरी दिसला तरी लगेच आणायचं. विसरू नको."

संध्याकाळी.

सगळं सांगितलं. तेवढं सोडून. आईसमोर तो शब्द तोंडातून निघेना. "काही वेगळं वाटलं तर सांग," म्हणालो.

"वेगळं म्हणजे कितें?"

"म्हणजे... वेगळं."

"बरें," म्हणाली आणि चुलीकडे गेली. बाबा असते तर त्यांनाही जमलं नसतं. गौरवीताईला फोन करून सांगायला लावायला हवं. पण ताई पार्श्याला सासरी, फोन सासूच्या हातात. उद्या बघू.

२६ जानेवारी, रविवार.

आई झोपते आहे! दुपारीही झोपली. सकाळी पाव विकायला येणाऱ्या पदेराशी उंड्यांच्या भावावरून भांडली — म्हणजे बरं आहे. दोन महिने तिने कुणाशी भांडण केलं नव्हतं. मी पेंटर; आज एका ट्रकच्या मागची अक्षरं एका बैठकीत रंगवून दिली.

ताईला फोन अजून केलेला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

सकाळी आई म्हणाली, "आज देवाक दिवो तू लाय. माझे गुडघे दुखतत."

गुडघे दुखत असताना ती मागच्या पडवीत चटई टाकून का बसली? ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी चहा द्यायला गेलो तर जमिनीकडे बोट करून म्हणाली, "थंय दव्हर. शिवू नको." लहानपणी हे दर महिन्याला बघितलं आहे. चार दिवस बाहेर बसायची, बाबा भात करपवायचे, पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायची. पण ते बंद होऊन सहा वर्षं झाली!

रक्त. दुसरं काय असणार!

शेजारच्या सुमंगला मावशीच्या नजरेतून सुटेल तर ना. कुंपणावरून ओरडली, "कमलाक्षी! परत कावळो शिवलो गो? मलमान तरणी जालीस मगे! माका पण एक नळी हाडून दी!"

आई हसली. मला वाटलं होतं चिडेल.

१२ फेब्रुवारी.

भात करपला. मासळी मावशीने दिली.

डॉक्टरणीचं वाक्य डोक्यातून जात नाही. मनाची तयारी करून पडवीत गेलो आणि विचारलं, "कढीत मीठ बरोबर आहे?"

१५ फेब्रुवारी, शनिवार.

आई न्हाली. घर पुसलं, मला बाजूला सारून दिवा लावला. "जालें, सोंपलें." सोनचाफ्यासारखा वास येत होता तिला, साबणाचा. मीही मनात म्हटलं, संपलं. न्हाऊन झाल्यावर विचारण्यासारखं काही उरतच नाही, असं वाटतं. तसं नसतं हे मला माहीत आहे. मी मलमाच्या खोक्यातलं माहितीपत्रक तीनदा वाचलं आहे. इंग्रजी हळूहळू कळतं, पण कळतं.

६ मार्च, गुरुवार.

परत. परत पडवी, चटई, वेगळं ताट.

ताईला फोन केला. एकदाचा. ती आधी हसली — "म्हणजे औषध लागू पडलं रे!" मी म्हटलं, ताई, सहा वर्षांनी लागू पडत नाही असं. मग म्हणाली, "आईला आजच घेऊन जा. मी उद्या येते."

आईला सांगायला आजही जमलं नाही; मी फक्त मलमाची नळी उचलून माळ्यावर टाकली. माझ्याच हातांनी आणली होती. खोक्यातल्या कागदावर सगळं लिहिलं होतं, मी वाचलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो.

७ मार्च, शुक्रवार.

आईने नळी शोधली, मिळाली नाही, मग समजली.

"माझी जळजळ तुका कळता? तू कोण काढून घेवपी?"

तेव्हा बोललो. मोठ्याने, उभ्या उभ्या. आई, रक्त जातं आहे. पाळी बंद झाल्यावर ते जाता कामा नये. डॉक्टरीण म्हणाली होती एक डाग जरी दिसला तरी आण. मी सांगितलं नाही, माझी चूक. आता चल.

ती घाबरेल असं वाटलं होतं. पण ती फक्त म्हणाली, "बाहेर बसलेली बाई डॉक्टरणीक हात लावपाक दिता? न्हाऊन जावया. मंगळवारी."

"न्हाल्यावर तिला काय दाखवणार?"

ताई बाराला आली, ती रडली, तेव्हा आई उठली.

ताईच्या स्कूटरवर मागे बसली ती माझ्या खांद्याला न धरता. दोन्ही हातांनी मागचा दांडा धरून, आमच्यामध्ये दुमडलेला टॉवेल ठेवून. प्रत्येक गतिरोधकावर मला वाटे पडली. "आई, धर मला! घरी येऊन मी न्हाईन." धरलं नाही. डिचोलीपर्यंत.

सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर जाड आहे. तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टरीण रागावली नाही — तेच वाईट. मलम तूर्त बंद. मी विचारलं, मलमाने झालं का?

"एवढ्याशा मलमाने सहसा नाही होत. रिपोर्ट येऊ दे."

सहसा! सहसा म्हणजे किती?

१४ मार्च, शुक्रवार.

रिपोर्ट नाही. गावात शिगमा, ढोल सकाळपासून. एका बारचा बोर्ड करायला घेतला, मालक म्हणाला, "अरे ऱ्हस्व-दीर्घ कोण बघता? दारू पिवपाक येतले, वाचपाक न्हय." मी दोनदा पुसून परत लिहिलं. निदान तेवढं तरी बरोबर असू दे.

आईची जळजळ परत सुरू आहे. माझ्याशी बोलत नाही. मी तिचं सुख काढून घेतलं, किंवा मीच तिला विष आणून दिलं. दोन्हीतलं एक खरं आहे आणि कुठलंही चालणार नाही.

२० मार्च, गुरुवार.

कर्करोग. गर्भाशयाचा. अजून आतच आहे, पसरलेला दिसत नाही, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन करून घ्या, बऱ्याच जणी बऱ्या होतात — डॉक्टरीण असं म्हणाली. मलमाने नव्हे. हे आधीपासूनचं. मग तिने आईला विचारलं, "खरं सांग बाय. पहिल्यांदा कधी गेलं?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "चवथीक."

मलम आणलं त्याच्या चार महिने आधी. मी म्हटलं, चवथीला तर घरातला सगळा स्वयंपाक तू केलास, गणपतीचा नैवेद्य तू दाखवलास.

"तेंच मरे. विटाळांत देवाक नैवेद्य दाखयलो, म्हणून कोणाक सांगूंक ना. मलम आयलें तेव्हा बरें जालें — मलमाचें नांव सांगून बाहेर तरी बसूंक मेळ्ळें."