कपाटामागचा काळा डाग

रंगाऱ्या, लोकांच्या भिंती खरवडून, वाळवून रंगवतोस आणि घरच्या बुरशीवर नुसता पांढरा हात मारून वर कपाट चिकटवून ठेवलंस? आज चिमणीची बाहुली मागे पडली म्हणून कपाट ओढलं, तर डाग रंग फोडून बाहेर आलाय, पार तिच्या उशीपर्यंत. सकाळपासून पोरीच्या छातीत शिट्टी वाजतेय. तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चाललेय. सूनबाईला कामावर फोन करू नकोस, घाबरायला मी एकटी पुरे आहे.

तिला गारठा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत कागद मीच कोंबले होते. ते काढलेत, त्यावर एक शब्द नको. खोलीत वाळत घातलेले ओले कपडे गच्चीवर ने. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेव. तोंडाला फडकं बांधून भिंत खरवड. खिडकी उघडीच राहू दे. तिला परत आणेन तेव्हा खोली कोरडी हवी. आणेनच मी.

आल्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणणार आहे, आत्ताच ऐकून ठेव: "पोरा, आपण दोघांनी मिळून हिचा श्वास कोंडला."

आई