पहिल्या दीडशे प्रती

दि. ४ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

गठ्ठा मिळाला. चाळीस प्रती, सगळ्या एकाच दिवसाच्या. शाई पुसट आहे, फोटोतल्या माणसांना दोन-दोन नाकं आहेत, पण अक्षर वाचता येतं. छापखान्यात तुम्ही ज्यांना खराब प्रती म्हणून बाजूला टाकता, त्यांच्यावर माझा नागरिकशास्त्राचा तास चालतो हे तिथे कुणाला सांगू नका, नाहीतर मागायला रांग लागेल.

या वेळी मुलांनी पान तीनवरची बातमी स्वतःहून निवडली, कारण ती आमच्याच गावाची. पूर्वेकडच्या टाकीचं पाणी दोन महिने तपासणीत नापास होतंय आणि अहवाल दाबून ठेवलाय. माझी निम्मी मुलं तेच पाणी पितात. त्यांनी बातमी कापून वह्यांत चिकटवली, घरी पाणी उकळायला लावलं आणि छत्तीस जणांनी संपादकांना पत्रं लिहिली. पुस्तकातला ‘आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क’ हा धडा एका तासात जिवंत झाला, बाबा. मुख्याध्यापक म्हणाले की अशी बातमी त्यांनी पाहिलीच नाही. ते खेळाच्या पानापुढे जात नाहीत, त्याला मी काय करू?

आईला म्हणावं, घरातली पहिली पदवी अगदीच वाया गेली नाही. लोभ आहे तो असू द्या, आणि पुढचा गठ्ठा जरा घट्ट बांधा.

तुमची लेक

दि. ९ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईस अ. आ.

पोरी, हे पत्र खाली बसून वाच. ती बातमी आमच्या पेपरात आलेलीच नाही.

काल संपादकांच्या टेबलावर तुझ्या मुलांची छत्तीस पत्रं उघडली. प्रत्येकात ‘बातमी छापल्याबद्दल आभार’. झालं होतं असं, की त्या दिवशी मशीन सुरू करून दीडशेक प्रती निघाल्या असतील, तोच व्यवस्थापक धावत आला, मशीन थांबवा म्हणाला. वरून कुणाचा तरी संपादकांना फोन आला होता. तिसऱ्या पानाची प्लेट बदलली. बातमीच्या जागी गाद्यांची जाहिरात बसवली आणि पुन्हा सुरू केलं. आधी निघालेल्या प्रती मी नेहमीसारख्या बाजूला टाकल्या आणि त्यातल्याच चाळीस तुला बांधल्या. बाकीच्यांचा लगदा झाला. एकतीस वर्षं पेपर छापतोय, पण मी शाई बघतो गं, मजकूर कधी बघितला?

पाकिटावर तुझं आडनाव वाचून व्यवस्थापकाने माझ्याकडे पाहिलं. मला काही लपवता आलं नाही. सगळ्या प्रती आणि वह्यांतली कात्रणं सोळा तारखेपर्यंत परत आणा, नाहीतर सतरापासून येऊ नका, म्हणाला. निवृत्तीला सात महिने आहेत. तू असं कर किंवा तसं कर, असं मी लिहीत नाही. माझं मलाच सुचत नाहीये.

आईचा तुला आशीर्वाद. तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझा बाबा

दि. १३ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्या हातून छापलं जाणारं वर्तमानपत्र असं करतं, हे डोक्यात शिरायलाच तयार नाही. पण तुमचं काम जाऊ देणार नाही. सोबत चाळीस प्रती आणि छत्तीस कात्रणं पाठवते आहे.

मुलांना एवढंच म्हटलं, की कात्रणं परत द्यायची आहेत. खिडकीजवळ बसणारी मुलगी डिंक वाळलेला म्हणून पट्टीने हळूहळू खरवडत होती, पान फाटू नये म्हणून. एकानेही विचारलं नाही, का. तीन महिने मी त्यांना ‘का’ विचारायला शिकवते आहे.

आज जास्त लिहवत नाही. जेवून घेत जा.

तुमची लेक

दि. १३ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईस अ. आ.

तू उगाच धावाधाव करशील म्हणून घाईने लिहितो. काहीही परत पाठवू नकोस. आज व्यवस्थापकाला सांगून आलो, की प्रती मी पाठवल्या, न बघता पाठवल्या, चूक माझी. पण पोरांच्या वहीतलं उचकटून आणायला मी माझ्या मुलीला सांगणार नाही. त्याने सोळा तारखेची वाट बघितली नाही. माझ्या कपाटाची किल्ली तिथेच ठेवून घेतली, उद्यापासून येऊ नका म्हणाला.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आता सात महिने आधीपासूनच स्वयंपाकघरात लुडबुड.

ती कात्रणं पोरांकडे राहू देत. ज्यांनी वाचली नसेल त्यांना दाखवायला सांग. त्या बातमीचं छापलेलं एवढंच उरलंय.

तुझा बाबा

दि. १७ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं पुडकं तुमच्या हाती पडलं असेल आणि ते उघडताना तुमचा चेहरा कसा झाला असेल, ते मला इथे बसून दिसतंय. जसं आहे तसं परत पाठवा.

आज वर्गात सगळं सांगितलं, तुमच्यासकट. मुलांचा विश्वास बसेना. मग ती बातमी कोणी कोणी थांबवली, ते त्यांनी मला फळ्यावर लिहायला लावलं. ज्याने फोन केला तो. ज्यांनी तो ऐकला ते संपादक. मशीन थांबवणारा व्यवस्थापक. इथे मी खडू खाली ठेवला. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, बाई, तुमचं राहिलं. चिडून नाही, हजेरीत एखादीचं नाव सुटल्यावर सांगतात तशी म्हणाली.

मी खडू उचलला आणि लिहिलं. फळा अजून पुसलेला नाही.

लोभ असू द्या म्हणायला आज जीभ रेटत नाही, तरी म्हणते.

तुमची लेक