कोरड्या खुंट्या

ता. ४, मंगळवार

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. इकडे सगळे धड आहेत, मी सोडून. फोनवर तू मध्येच उपदेश सुरू करतोस, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

तुझ्या नमुन्यावरून आम्ही तिघी मैत्रिणींनी इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डासाठी चाळीस लाकडी बदकं केली, फुकटात, आपल्या हौसेने. गेल्या मंगळवारी पोचवली. मास्तरीण आकार कापते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती करवत अशी चालवते की तुझ्यासारख्या सुताराच्या पोटावर पाय येईल. मी भोकं पाडते आणि घासते. चाकांच्या खुंट्या सरस लावून ठोकते ती शिंपीण, कारण तिच्या बोटांना घाई नसते.

काल वॉर्डातल्या नर्सने बोलावून घेतलं. दीड वर्षाच्या एका पोरीने बदकाचं चाक उपटलं आणि खुंटी तोंडात घातली. नर्सने बोट घालून काढली म्हणून निभावलं. आम्हाला ती खुंटी दाखवली. कोरडी ठणठणीत, सरसाचा डागसुद्धा नाही.

तिथेच बसून आम्ही उरलेल्या बदकांची चाकं ओढून पाहिली. एकही हललं नाही, म्हणून बदकं ठेवून आलो. बाहेर आल्यावर मास्तरीण शिंपिणीला वर्गात उभं करावं तशी बोलली, की लक्ष लागत नसेल तर तसं सांगायचं, पोरांच्या जिवाशी खेळ नको. शिंपीण पिशवी उचलून निघून गेली. आज कामाच्या शेडवर आलीच नाही. मी माझं काम केलं होतं, पोचवायच्या आधी रविवारीच घासून मोकळी झाले होते. आता खुंट्या कोण ठोकणार? पुढच्या महिन्यात वॉर्डाला छोट्या खुर्च्या हव्यात. तुझ्या ओळखीत कोणी असेल तर कळव.

वहिनीला म्हणावं गुडघा शेकत जा, नाहीतर मी येऊन शेकेन. माया आहे तेवढी राहू दे, जास्तीची मागत नाही.

तुझी धाकटी


ता. ८, शनिवार सकाळ

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा कामात आहे म्हणून आपटलास. म्हणून हे पत्र लाकडं पोचवणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतो आहे. तो संध्याकाळी परत येईल, उत्तर त्याच्याकडेच दे.

चाकं ओढून काही कळत नाही. सरसाशिवाय बसवलेली खुंटी तुमच्या दमट शेडमध्ये फुगते आणि घट्ट वाटते. वॉर्डातली हवा गरम आणि कोरडी. आठ-दहा दिवसांत लाकूड आकसतं, मग ती पोराच्या दातांनीही निघते. एक निघाली आहे, बाकीच्या वाटेवर असतील. सगळी बदकं आजच्या आज परत आण.

दुसरं. शिंपिणीला हे काम मी शिकवलं. सरस लावला की ती बदकाच्या पोटावर पेन्सिलीने खूण करते, आणि खूण दिसल्याशिवाय तू पोट घासायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. मग सरस न लागलेलं बदक शेडबाहेर पडलं कसं? तुझ्या पत्रात मास्तरणीवर तीन ओळी आहेत, शिंपिणीवर चार. तुझ्या कामावर जेमतेम दोन. तू एवढं कमी कधीपासून बोलायला लागलीस?

रागावलीस तरी चालेल, पण लिही.

दादा


ता. ८, शनिवार दुपार

दादास,

नमस्कार. गाडीवाला दारात उभा आहे.

बदकं पोचवायच्या आधीच्या रविवारी मी एकटीच शेडवर गेले. शनिवारपर्यंत शिंपिणीची चोवीस सरस लावून झाली होती. उरलेल्या सोळांच्या खुंट्या तिने नुसत्याच बसवल्या होत्या, चाक फिरतं का बघायला. मंगळवार डोक्यावर आला होता. मी चाळीसही बदकं उलटी मांडली आणि खूण आहे की नाही न बघता सगळी पोटं एका दमात घासून टाकली. सोमवारी शिंपिणीने विचारलं, उरलेली मास्तरणीने केली का. मी वर न बघता म्हटलं, झालंय सगळं, तू तेल लाव.

वॉर्डाबाहेर मास्तरीण तिला बोलत होती, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मी काही बोलेन म्हणून थांबली होती. मी वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसले.

आता बदकं परत आणायची तर कारण द्यावं लागेल. खरं सांगितलं तर दोघी माझं तोंड बघणार नाहीत. दमट हवेमुळे झालं, दादा म्हणतो, असं सांगू का? ते काही खोटं नाही.

धाकटी


ता. ८, शनिवार संध्याकाळ

चि. धाकटीस,

आशीर्वाद. खोटं नाही, पण अर्धंच आहे. शिंपिणीचं काय करायचं ते तुझं तू ठरव. गाडीवाल्याला पुन्हा पाठवला आहे. तू हे वाचते आहेस आणि तिकडे पोरं बदकं चोखताहेत. ऊठ.

दादा


ता. १४, शुक्रवार

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझी चिठ्ठी हातात घेऊनच वॉर्डात गेले. नर्ससमोर, पोरांच्या चार आया ऐकत असताना सांगितलं, की सरस लावणारीची चूक नाही, घासणारीची आहे, आणि घासणारी मी. नर्सने टोपली आणून पुढ्यात ठेवली. पोरं रडत होती आणि मी त्यांच्या हातातून बदकं काढत होते.

एकोणचाळीस मिळाली. चाळिसावं घरी सोडलेल्या एका पोराबरोबर गेलं होतं. पत्ता घेऊन धावले. तिसरा मजला, जिना संपेना. दार उघडं होतं. पोरगं जमिनीवर बसून चाक चघळत होतं. मी हिसकावलंच. त्याने घर डोक्यावर घेतलं, आई माझ्या अंगावर धावून आली. मी तिच्यासमोर चाक ओढलं, खुंटी दोन बोटांत आली. मग ती खालीच बसली. तिच्या शेजारी मीही.

तिथून मास्तरणीला घेऊन शिंपिणीकडे गेले. दोघींना सगळं सांगितलं, सोमवारचंसुद्धा. मास्तरीण म्हणाली की वॉर्डाबाहेर तरी तोंड उघडायचं होतंस. शिंपीण मशीन चालवतच राहिली. शिवण संपवली, दोरा तोडला, पुढचं कापड घेतलं. आम्ही निघालो.

बदकं दोन दिवस शेगडीजवळ ठेवली. आणखी अकरा खुंट्या हातानेच निघाल्या. मंगळवारी शिंपीण आपणहून आली, टेबलाशी बसली आणि सगळी चाकं सोडवून नव्याने सरस लावायला लागली. तीन दिवस माझ्याशी अवाक्षर नाही. मी समोर बसून भोकं साफ करते आणि तिच्या हाताकडे बघत बसते. आज तिने मान वर न करता म्हटलं, "सरक. उजेड अडवतेस."

मी सरकले.

वहिनीला हे सगळं सांग. तुझी माया आहे तशी असू दे, सध्या मला थोडी जास्तच लागेल.

तुझी धाकटी