चौथ्या कलमाचे फक्त पहिले वाक्य वाचावे

मी, खाली सही करणारी, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, धंद्याने मास्टरिंग करणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मास्टरिंग म्हणजे काय हे माझ्या नातेवाइकांना आजवर कळलेले नाही, म्हणून नोंदवून ठेवते: गाणे गाऊन, वाजवून, जुळवून झाले की ते बाहेर पडण्यापूर्वी त्यावर शेवटचा हात फिरतो, तो माझा. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाला शंका असल्यास त्याने स्वतःचाही एक काढून आणावा. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात लिहिली होती, हे सावकाश लिहिते आहे.

कलम पहिले. ‘वादळ’ या नावाने मिरवणाऱ्या गायकास काहीही देऊ नये. प्रत्येक गाण्याला त्याचे एकच मागणे असे, “शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे.” तसे वाजवायचे तर लिमिटर नावाच्या यंत्राने आवाजाचे सगळे शेंडे छाटावे लागतात. मी छाटले. मग ढोल खोक्यावर टिचकी मारल्यासारखा वाजू लागला, आणि हा गावभर सांगत सुटला की बाईंच्या कामात जीव नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढेच म्हणते आणि पुढे जाते.

कलम दुसरे. मोठे स्पीकर आणि स्वयंपाकघरातला फुटक्या जाळीचा रेडिओ यांची ताटातूट करू नये. स्पीकरवर सगळीच गाणी गोजिरी वाटतात. भांडी घासताना रेडिओवर ज्या गाण्याचे शब्द कळत नाहीत, ते अजून झालेले नाही.

कलम तिसरे. भावाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, याला माझ्या कॉम्प्युटरमधली सर्व सॉफ्टवेअर. त्याच्याकडे याहून जास्त आहेत आणि तो ती सगळी एकाच गाण्यावर लावतो, भाजीत मसाल्याचा डबा उपडा करावा तशी. अट एकच. आधीचे आणि नंतरचे ऐकून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. जे मोठे वाजते ते माणसाला चांगलेच वाटते, आणि या चकव्यावर निम्म्या दुनियेचे दुकान चालते. सारखे करून ऐकल्यावर आधीचेच बरे वाटले, तर हात मागे घ्यावा. न केलेल्या कामाचेही पैसे घेता येतात, लाजू नये.

कलम चौथे. तीन मोठ्या बटणांचा काळा डबा, सर्व हक्कांसह, माझ्या धाकट्या भावास. (वकीलसाहेब, भावासमोर इथेच थांबावे आणि पाचव्यावर जावे.) भाऊ संगीतनिर्माता आहे. गिऱ्हाइके तो आणत असे आणि काम चालू असताना माझ्या शेजारी बसून दिसेल ते बटण पिरगाळत असे. शेवटी कंटाळून मी एका मोडक्या यंत्राची पेटी घेतली, तिला बटणे आणि लाल दिवा बसवला आणि म्हटले, “हे घे, हे फक्त तुझं.” तो डबा कशालाही जोडलेला नाही. मागे वायर नाही, आत यंत्र नाही. तो मधले बटण तसूभर फिरवतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, “आता कशी ऊब आली.” मुलाखतींतही सांगतो, “ताई तांत्रिक बाजू बघते, ऊब माझी.” या उबेच्या जोरावर आता तो वरच्या खोलीचा अर्धा हिस्सा मागतो आहे. आयत्या बिळावर नागोबा असतात, पण हा बीळही आपणच खणले म्हणतो.

हे ओळखणारे माणूस घरात एकच निघाले, माझी भावजय. नवऱ्याचा चष्मा द्यायला आली आणि मागच्या खुर्चीवर टेकली. तो फोन घ्यायला बाहेर गेला तशी म्हणाली, “ताई, ते लाल दिव्याचं फिरवलं की काहीच होत नाही हो.”

मी म्हटले, “मग त्याला ऐकू कसं येतं?”

“त्यांना लग्नात माझा होकारही असाच ऐकू आला होता.”

त्या दिवशी मी तिला पुढच्या खुर्चीत बसवले. अलीकडे ज्या कामांबद्दल भावाने हार घालून घेतले, ती सगळी तिने केलेली आहेत.

कलम पाचवे. वरची खोली, भिंतींवरच्या गाद्यांसह आणि आतल्या सर्व यंत्रांसह, माझ्या भावजयीस, तिच्या एकटीच्या नावे. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ असे भाऊ म्हणेल. म्हणू दे.

कलम सहावे. (हेही भावासमोर वाचू नये.) माझा बेत चौथे कलम सगळ्यांसमोर पूर्ण वाचून घ्यायचा होता. आयुष्यभर जपलेली ही गंमत मी मेल्यावर पिकायची होती. भावजयीला वाचून दाखवले तर ती हसलीच नाही.

“मग खोली मला नको,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? अर्ध्या खोलीसाठी भांडतोय तो.”

“भांडू देत. ताई, घरात त्यांचं कोण ऐकतं? मुलगा नाही, मी तर नाहीच. तो डबा ऐकतो असं त्यांना वाटतं. तेवढं राहू द्या.”

मला तिचा राग आला. नंतर स्वतःचा आला, कारण ते माझ्या लक्षात यायला हवे होते. तो माझा भाऊ आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे, हे मी त्याला कधी सांगितले नाही आणि आता लेखीही सांगणार नाही. म्हणून असे ठरवते: भाऊ कोर्टात गेला, तर चौथे कलम भर कोर्टात, डबा टेबलावर पालथा घालून वाचावे. नाही गेला, तर त्याची खुर्ची आणि डबा होते तिथेच राहतील आणि त्याला कोणी काही सांगणार नाही.

लाल दिवा सेलवर चालतो. सेल संपत आला की मंद होतो. तो येण्याआधी खालचे झाकण काढून मी गुपचूप बदलत आले. यापुढे भावजयीने बदलावा.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, समोरचे वायरमन (डबा उघडून पाहिला आहे, बोलणार नाहीत)
स्थळ: वरची खोली, दार लावून
दिनांक: दवाखाना बंद असलेला रविवार, सकाळी